स्वयंसेवकाचें काम : अंबरनाथच्या शिलालेखापासून संगणकापर्यंत

सार्वजनिक कार्यांत पाऊल टाकणाऱ्या मनुष्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो कामाच्या निवडीचा. गांवांत देऊळ बांधावयाचें ठरलें म्हणजे वर्गणी जमते आणि माणसेंही जमतात. परंतु दगड कोणीं घडवावा, चुना कोणीं मळावा, हिशेब कोणीं ठेवावा आणि काम पुरें झाल्यावर रोजची दिवाबत्ती कोणीं पहावी, याचा उलगडा वेळेवर झाला नाहीं तर जमलेलीं माणसें आलीं तशीं घरोघर निघून जातात. उत्साह ही कांहीं दुर्मिळ वस्तु नव्हे. उत्साहाला योग्य जागा सांपडणें हें मात्र दुर्मिळ आहे. संस्थांचा इतिहास लिहितांना संस्थापकांचीं नांवें ठळक अक्षरांत येतात. पण ज्या संस्था टिकल्या त्या कशामुळें टिकल्या हें पाहूं गेलें तर आढळतें कीं, त्यांत प्रत्येकाला आपल्या वकुबाचें काम मिळालें होतें आणि तें त्यानें मध्येंच टाकलें नव्हतें.

आपल्या काळांत या जुन्या प्रश्नाला एक नवें क्षेत्र लाभलें आहे. संगणक चालतो तो त्याला दिलेल्या आज्ञांच्या मालिकेवर. ही आज्ञावली माणसें लिहितात. आणि ती लिहविणारी कंपनी बहुधा तिचें मूळ लेखन गुप्त ठेवते. विकत घेणाराच्या हातीं यंत्राला कळणारी तयार वस्तु तेवढी येते. याच्या उलट, जिचें मूळ लेखन कोणालाही वाचतां येतें, सुधारतां येतें आणि सुधारलेली प्रत दुसऱ्याला देतां येते, अशा आज्ञावलीला मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर असें म्हणतात. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेंत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनीं २७ सप्टेंबर १९८३ रोजीं ग्नू नांवाच्या योजनेची घोषणा केली. १९८९ सालीं त्यांनीं एक सार्वजनिक परवाना तयार केला. जो कोणी ही आज्ञावली घेऊन, तींत फेरफार करून, पुढें वांटील त्यानें आपणांस मिळालेले हक्क पुढच्यासही दिले पाहिजेत, अशी त्या परवान्याची अट होती. दोनच वर्षांनीं, २५ ऑगस्ट १९९१ रोजीं, हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरवाल्ड्स नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपण एक लहानशी संचालनप्रणाली रचीत असल्याचें जाहीर केलें आणि इतरांच्या सूचना मागितल्या. तीच लिनक्स होय. आज घरोघर असणाऱ्या अँड्रॉइड फोनचा गाभा तिच्यावरच उभारलेला आहे. 'ओपन सोर्स' हें नांव १९९८ सालीं रूढ झालें. पण वस्तु त्यापूर्वींची आहे.

या चळवळींत भाग घ्यावा अशी इच्छा अलीकडे पुष्कळ तरुणांना होते. कल्याणच्या पुढें कर्जतच्या वाटेवर जीं तीन शहरें एकापाठोपाठ एक लागतात, त्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील शेंकडों मुलेंमुली महाविद्यालयांत संगणकाचा अभ्यास करतात आणि रोज लोकलनें मुंबईकडे जातात. त्यांतील ज्याला स्वयंसेवेची हौस आहे तो सामान्यतः अशी समजूत करून घेतो कीं, आज्ञावली लिहितां आली तरच या कार्यांत प्रवेश. नाहीं तर दारांतूनच परत फिरावें. ही समजूत चुकीची आहे. प्रकल्पाला आज्ञा लिहिणारा लागतो, तसाच दोष दाखविणारा लागतो. लिहिलेलें तपासणारा लागतो. माहितीपुस्तिका रचणारा, भाषांतर करणारा, अक्षरें घडविणारा, नकाशावर खुणा करणारा, आणि या सर्वांचा मेळ घालणारा कारभारीही लागतो. यांपैकीं आपलें काम कोणतें, हें ओळखण्यास या तीन गांवांचाच इतिहास उपयोगी पडण्यासारखा आहे.

प्रथम अंबरनाथ घ्या. वालधुनीच्या कांठीं उभें असलेलें तेथील शिवालय हें उत्तर कोंकणच्या शिलाहार राजांचें स्मारक आहे. १८६८ सालीं मुंबईच्या कलाशाळेंतील मंडळींनीं या देवळाचीं मोजमापें घेतलीं, रेखाचित्रें काढलीं आणि नक्षीकामाचे सांचे तयार केले. त्याच सुमारास देवळाच्या उत्तरेकडील दारावरील तुळईवर कोरलेल्या लहानशा संस्कृत लेखाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. मुंबईचे सुप्रसिद्ध डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं तो लेख वाचून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. भाऊ दाजी व्यवसायानें वैद्य होते. प्राचीन लेखांचा शोध त्यांनीं पोटासाठीं केला नाहीं, उलट आपल्या वैद्यकीच्या मिळकतींतून त्यासाठीं खर्च केला. त्यांच्या वाचनाप्रमाणें लेखाचा काल शके ७८२, म्हणजे इसवी सन ८६० हा ठरला.

भाऊ दाजींच्या पदरीं जुनागडचे भगवानलाल इंद्रजी हे गृहस्थ होते. ते १८३९ सालीं जन्मले आणि विशीच्या उंबरठ्यापलीकडे पाऊल पडतें न पडतें तोंच मुंबईस आले. गिरनारच्या पायथ्याशीं असलेल्या शिलालेखांवर त्यांनीं लहानपणींच लिपी गिरविली होती. भाऊ दाजींसाठीं लेखांच्या नकला करीत त्यांनीं सारा हिंदुस्थान पालथा घातला. इंग्रजीचें ज्ञान त्यांना बेताचेंच होतें. त्यांचे पुष्कळ निबंध गुजराथींत लिहिले जाऊन मग इतरांच्या साह्यानें इंग्रजींत आले. या भगवानलालांनीं अंबरनाथचा लेख पुढें पुन्हा वाचला आणि दाखवून दिलें कीं, शक ७८२ नसून ९८२ आहे. एका आंकड्याच्या वाचनानें देवळाचें वय दोनशें वर्षांनीं बदललें. इसवी सन १०६० हा काल निश्चित झाला आणि मुम्मुणि राजाचें स्थान शिलाहारांच्या वंशावळींत नीट बसलें. आज अंबरनाथच्या शाळेंतील मुलगा जें साल पाठ म्हणतो, तें या दुसऱ्या वाचनाचें फळ आहे.

या कथेंत भाऊ दाजींना कमीपणा येत नाहीं. पहिला वाचणारा नसता तर दुसऱ्यानें काय दुरुस्त केलें असतें? परंतु तीन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी कीं, लेख दगडावर उघडा होता, कोणाच्या पेटींत कुलुपबंद नव्हता; म्हणूनच तो पुन्हा पाहतां आला. मुक्त-स्रोत आज्ञावलीचें सारें सामर्थ्य या एका गोष्टींत सांठविलेलें आहे. दुसरी अशी कीं, उघडी असलेली वस्तु आपोआप तपासली जात नाहीं. ती पुन्हा वाचण्याची चिकाटी कोणाच्या तरी अंगीं असावी लागते. तिसरी गोष्ट निवडीच्या प्रश्नाशीं थेट भिडते. भगवानलालांनीं इंग्रजी वाक्पटुत्वाच्या मार्गें विद्वत्ता मिळविण्याचा हट्ट धरला नाहीं. त्यांचें बळ डोळ्यांत आणि लिपिज्ञानांत होतें, आणि तेथेंच त्यांनीं आयुष्य वेंचलें.

तपासनिसाचें हें काम संगणकाच्या जगांत किती मोलाचें आहे तें २०१४ सालीं सर्वांना कळून आलें. ओपन-एस-एस-एल ही आज्ञावली बँकांचे, दुकानांचे आणि पत्रव्यवहाराचे गुप्त संदेश जगभर सुरक्षित पोंचविण्याचें काम करते. तींत सुमारें दोन वर्षांपूर्वीं शिरलेली एक चूक त्या वर्षाच्या एप्रिल महिन्यांत उघडकीस आली. तिच्या वाटेनें संगणकाच्या स्मृतींतील गुप्त मजकूर परक्याला ओढून घेतां येत असे. चूक करणारानें ती जाणूनबुजून केली नव्हती; तपासणाराच्याही नजरेंतून ती सुटली. त्या वेळीं असें दिसून आलें कीं, अवघें जग जिच्यावर विसंबून होतें त्या आज्ञावलीची देखभाल मूठभर माणसें करीत होतीं. मूळ लेखन सर्वांना खुलें होतें, परंतु सर्वांनीं 'दुसरा कोणी वाचीतच असेल' असें मानलें होतें. नवें लिहिण्याची हौस असणारे पुष्कळ निघतात. लिहिलेलें सावधपणें वाचणारे थोडे निघतात. ज्याला व्याकरणाची चूक पानावरून आपोआप डोळ्यांत खुपते, ज्याचा हिशेब पैशाला पैसा जुळल्याशिवाय पुरा होत नाहीं, त्यानें हें काम आपलें समजावें.

आतां उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ लष्करासाठीं छावण्या उभारल्या होत्या. फाळणीनंतर सिंध प्रांतांतून आलेल्या निर्वासितांना तेथें आसरा देण्यांत आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीचा शहर म्हणून पाया घातला गेला आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. तेथील निरनिराळे भाग अजूनही कॅम्पच्या क्रमांकांनीं ओळखले जातात. या लोकांनीं घर, शेत व दुकान मागें टाकलें; बरोबर आणतां आली ती भाषा. सिंधीला भारतांत स्वतःचा प्रांत नाहीं; १९६७ सालीं तिचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत झाला. ती येथें अरबी वळणाच्या लिपींत लिहिली जाते, तशीच देवनागरींतही लिहिली जाते.

देवनागरींत सिंधी लिहावयाची तर एक अडचण येते. ग, ज, ड आणि ब या वर्णांच्या जोडीला श्वास आंत ओढून उच्चारावयाचे चार स्वतंत्र वर्ण सिंधींत आहेत, आणि ते अक्षराखालीं रेघ देऊन ॻ, ॼ, ॾ, ॿ असे लिहिले जातात. १९९१ सालीं जगांतील सर्व लिप्यांना समान क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धति प्रसिद्ध झाली तेव्हां देवनागरीच्या कोष्टकांत या चार अक्षरांना जागा नव्हती. ती २००६ सालीं मिळाली. म्हणजे तोंवर सिंधी आजीनें नातवाला लिहिलेलें साधें पत्र संगणकावर शुद्ध उतरविण्याची सरळ सोय नव्हती.

मराठीची कथा यापेक्षां फार वेगळी नाहीं. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्यें स्वतंत्र क्रमांक २००८ सालीं मिळाला. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' या दोन वाक्यांतला फरक मराठी घरांत लहान मूलही जाणतें. एकानें गुरुजी येतात, दुसऱ्यानें स्वयंपाकी. परंतु 'र'चें हें दुसरें रूप हिंदीच्या नित्य व्यवहारांत नसल्यामुळें केवळ हिंदी डोळ्यापुढें ठेवून घडविलेल्या अक्षरसंचांत तें नीट उमटेल अशी खात्री देतां येत नाहीं. 'ल' आणि 'श' यांच्या मराठी वळणांचीही तीच गत. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें मराठी वर्णमालेचें प्रमाण रूप ठरवून दिलें. पण शासनाचा कागद निघाला म्हणून जगांतल्या प्रत्येक यंत्रावर अक्षर बदलत नाहीं. अक्षराला क्रमांक मिळावा लागतो. मग तें अक्षरसंचांत घडवावें लागतें. मग तें कळफलकावर आणावें लागतें. मग अकारविल्हे क्रमांत बसवावें लागतें. आणि शेवटीं प्रत्यक्ष मजकूर लिहून पाहून 'येथें चुकतें आहे' असें कोणीतरी सांगावें लागतें. या पांच पायऱ्यांपैकीं शेवटची पायरी चढण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाहीं, मातृभाषा लागते. रेड हॅट कंपनीनें २००४ सालीं भारतीय लिप्यांसाठीं 'लोहित' हे अक्षरसंच मुक्त केले, आणि मुंबईच्या एक टाइप या मंडळींनीं 'मुक्त' नांवाचा देवनागरी संच सर्वांना खुला करून दिला. अशा संचांवर सिंधी शिक्षिकेनें किंवा मराठी मुद्रितशोधकानें एक सायंकाळ खर्च करून दोषांची नेमकी यादी पाठविली, तर ती सेवा आज्ञावली लिहिण्याइतकीच खरी आहे.

दोषाची यादी नेमकी असावी, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. 'अक्षरें बिघडतात' एवढेंच कळविणारा मनुष्य तक्रार करतो; 'अमुक यंत्रावर, अमुक संच वापरून, अमुक शब्द लिहिला; असा दिसावयास हवा होता, तसा दिसला' असें कळविणारा मनुष्य मदत करतो. रोग्यानें वैद्याला पोट दुखतें एवढेंच सांगावें कीं कधींपासून, कोठें, आणि काय खाल्ल्यावर हेंही सांगावें, तसाच हा भेद आहे.

भाषांतराचें काम वरवर सोपें दिसतें म्हणून नवखा मनुष्य तेथें प्रथम धांवतो. पडद्यावर जे शब्द उमटतात त्यांची यादी भाषांतरकाराच्या हातीं येते. पण ते शब्द कोठें उमटणार हें त्याला दिसतच असतें असें नाहीं. इंग्रजींतला 'राईट' हा एक शब्द घ्या. तो उजवी बाजू दाखवितो, बरोबर या अर्थीं येतो, आणि हक्कालाही तोच शब्द. 'ओपन' म्हणजे उघडण्याची आज्ञा कीं उघडें असल्याची स्थिति? मराठींत 'उघडा' असें लिहून मोकळें व्हावें, तर वाचणाराला अंगावर सदरा नसलेला मनुष्य आठवावयाचा! शिवाय एकानें 'जतन करा' म्हणावें, दुसऱ्यानें 'साठवा' म्हणावें आणि तिसऱ्यानें 'सेव्ह करा' म्हणावें, असें झालें तर वापरणारा गोंधळून पुन्हा इंग्रजीकडे वळतो. या अडचणीवर उपाय म्हणून २००८ पासून 'फ्युएल' या प्रकल्पानें वारंवार येणाऱ्या शब्दांच्या समान याद्या भारतीय भाषांसाठीं सिद्ध करण्याचें काम हातीं घेतलें. भाषांतरकाराला दोन्ही भाषा तर याव्यातच. पण त्याहून अधिक म्हणजे आपला आवडता शब्द बहुमतासाठीं सोडून देण्याची वृत्ति असावी लागते. ज्याला ती नाहीं त्यानें स्वतंत्र लेखन करावें. १ मे २००३ रोजीं सुरू झालेला मराठी विकिपीडिया त्याची वाट पाहत आहे. तेथेंही इतरांची दुरुस्ती सोसावी लागतेच, परंतु विषय आपल्या आवडीचा घेतां येतो.

बारीकसारीक वेंचण्याचें हें काम हलकें आहे असें ज्याला वाटेल त्यानें दोन थोर उदाहरणें आठवावीं. १८७९ सालीं इंग्रजीच्या ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे यांनीं इंग्रजी वाचणाऱ्या सर्व लोकांना आवाहन केलें कीं, ग्रंथ वाचा, शब्दांचे प्रयोग चिठ्ठ्यांवर उतरा आणि पाठवा. अशा लाखों चिठ्ठ्यांवर तो कोश उभा राहिला व १९२८ सालीं पुरा झाला. आपल्याकडे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गांवोगांव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरचे मोडी कागद गोळा करीत होते. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला आणि ती माला बावीस खंडांपर्यंत गेली. ७ जुलै १९१० रोजीं त्यांनीं व खंडेराव मेहेंदळे यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. कागद मिळविणारा एक, मोडी वाचणारा दुसरा, तिथींचा मेळ घालणारा तिसरा आणि छापणारा चौथा, अशी वांटणी नसती तर तो इतिहास अंधारांतच राहिला असता. कागद मिळविणाऱ्या गृहस्थाला इतिहासकार म्हणून कोणीं मान दिला नसेल. पण त्याच्यावांचून इतिहासकाराला लिहावयास कांहीं उरलें नसतें.

तिसरें गांव बदलापूर. या नांवाची उत्पत्ति लोक अशी सांगतात कीं, जुन्या काळीं या वाटेनें जाणारे स्वार येथें थकलेले घोडे बदलीत, म्हणून बदलापूर. व्युत्पत्ति खरी असो वा नसो, तींतला व्यवहार मात्र खरा आहे. लांबचा पल्ला एका घोड्यावर गांठतां येत नाहीं.

मुक्त प्रकल्पांना या व्यवहाराचा विसर पडला म्हणजे काय होतें तें २०२४ सालीं दिसलें. एक्स-झेड नांवाची, मजकूर दाबून लहान करणारी एक आज्ञावली आहे. ती असंख्य संगणकांत मुकाट्यानें काम करीत असते. तिचा भार वर्षानुवर्षें मुख्यतः एकाच स्वयंसेवकावर होता. तो थकल्यावर एका अनोळखी नांवाच्या व्यक्तीनें मदतनीस म्हणून प्रवेश मिळविला, दोनेक वर्षें चोख काम करून विश्वास संपादन केला आणि अखेर आज्ञावलींत चोरवाट पेरली. मार्च २०२४ मध्यें आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. दुसरा कोणी असता तर त्यानें तो क्षणभर सोसला असता. यानें कारण शोधलें आणि कपट उघडें पडलें. एका माणसाच्या थकव्यामुळें जग संकटाच्या दारीं पोंचलें आणि एका माणसाच्या चिकित्सेमुळें तेथून परतलें. म्हणून कारभाऱ्याचें काम पत्करणारानें पहिल्या दिवसापासून आपला वारस तयार करावा. आणि मदत करूं इच्छिणारानेंही 'येथील कारभारी थकला आहे काय' हें प्रथम पहावें. पत्रांना उत्तरें देणें, जुन्या तक्रारी निकालांत काढणें, नवागताला वाट दाखविणें हीं कामें दिसत नाहींत. परंतु घोडा बदलावयाचा तो येथेंच.

बदलापूर आणखी एक काम सुचवितें. २७ जुलै २०१९ रोजीं मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरांत अडकली, आणि सुमारें १,०५० प्रवाशांना होड्यांच्या साह्यानें सुखरूप बाहेर काढण्यांत आलें. अशा प्रसंगीं मदत करणाराला नकाशा हवा असतो. मोठा रस्ता कोणत्याही नकाशावर सांपडतो. पण उंचावरची शाळा कोणती, नाल्यावरचा पायपूल कोठें आहे, कोणती गल्ली पावसाळ्यांत बुडते, हें तेथें राहणारालाच ठाऊक असतें. २००४ सालीं इंग्लंडमध्यें स्टीव्ह कोस्ट यांनीं सुरू केलेल्या ओपन-स्ट्रीट-मॅप या मुक्त नकाशावर कोणालाही अशा खुणा नोंदवितां येतात. १२ जानेवारी २०१० रोजीं हैतीमध्यें भूकंप झाला तेव्हां जगभरच्या स्वयंसेवकांनीं थोड्याच दिवसांत तेथील राजधानीचे रस्ते या नकाशावर उतरविले आणि मदतपथकांनीं ते वापरले. आपल्या मोहल्ल्याचा नकाशा पूर येण्यापूर्वीं भरून ठेवणें हें संकटांत धांवून जाण्याइतकें चमकदार नाहीं, उपयोगाला मात्र तितकेंच आहे.

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जातो व तो उडवून लावण्यासारखा नाहीं. स्वयंसेवकानें फुकट राबावें आणि त्याच्या श्रमांवर धनाढ्य कंपन्यांनीं नफा मिळवावा, ही कसली सेवा? आक्षेपांत तथ्य आहे. मुक्त परवाना वापरण्याचा हक्क सर्वांना देतो. त्या सर्वांत कंपन्याही आल्या. परंतु तोच परवाना उल्हासनगरच्या शाळेलाही तीच वस्तु विनामूल्य देतो आणि ती पुढें कोणाला हिरावून घेतां येत नाहीं. विहीर गांवासाठीं खोदली म्हणजे सावकारही तींतलें पाणी भरतो. म्हणून विहीर बुजवीत नाहींत. मात्र दोरा सावकाराच्या घरीं जाऊं नये, एवढी दक्षता ठेवावी. ज्या प्रकल्पाचा परवाना स्पष्ट नाहीं तेथें श्रम देऊं नयेत. आणि संसार, अभ्यास व प्रकृति यांना तोशीस लागेल इतकें काम अंगावर घेऊं नये. थकून मोडलेला स्वयंसेवक कोणाच्याच उपयोगाचा नसतो, हें एक्स-झेडच्या प्रकरणानें दाखविलेंच आहे.

मग निवड करावी कशी? इतिहासाचा निर्वाळा असा दिसतो. जें आपणांस ठाऊक आहे आणि प्रकल्पांतील इतरांना ठाऊक नाहीं, तेथून आरंभ करावा. मातृभाषा आणि आपलें गांव या दोन गोष्टी अशा आहेत. पहिलें काम लहान घ्यावें व पुरें करावें. पूर्ण केलेली एक दुरुस्ती ही अर्धवट सोडलेल्या दहा योजनांपेक्षां मोठी. ज्या वस्तूचा आपण स्वतः रोज उपयोग करतों तिच्या सेवेंत लागावें, म्हणजे कंटाळा लौकर येत नाहीं. आपला स्वभाव लिहिण्याचा आहे, तपासण्याचा आहे, शिकविण्याचा आहे कीं माणसें सांभाळण्याचा आहे, हें प्रामाणिकपणें ओळखावें. ज्या कामाची कीर्ति अधिक तें आपलें, असा नियम करूं नये. आणि काम सोडण्याची वेळ आली तर तसें आधीं सांगून, दुसऱ्याच्या हातीं नीट सोंपवून सोडावें.

अंबरनाथच्या तुळईवरील आंकडा सुमारें आठशें वर्षें तेथेंच होता. देवळांत येणाऱ्या असंख्य लोकांच्या डोक्यावरच तो कोरलेला होता. पण तो नीट वाचणें हें आपलें काम आहे असें एकाला वाटलें, आणि पहिलें वाचन पुन्हा तपासणें हें आपलें काम आहे असें दुसऱ्याला वाटलें, तेव्हां तो बोलूं लागला. आज मराठीची, सिंधीची आणि इतर कितीतरी भाषांची अक्षरें अशाच एका नव्या तुळईवर कोरलीं जात आहेत. तीं शुद्ध उमटतील कीं एखाद्या आंकड्यानें चुकतील, हें ज्यांना तीं वाचतां येतात त्यांच्यापैकीं किती जण हें काम आपलें मानतात यावर अवलंबून राहील.